बेसावधाची पाळी

पट्टीमामाच्या घरी दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मारामाऱ्या सुरू व्हायच्या. कुणाचा खांदा फुटायचा, कुणाच्या बरगड्यांत भाला अडकायचा, एखादा जिवानिशी जायचा. मग मेलेला आणि मारणारा दोघंही मामीच्या हातचा चहा पीत तास तास हुज्जत घालायचे. शेजाऱ्यांनी सुरुवातीला दोनदा दार वाजवून विचारलं, काय चाललंय म्हणून. मामा दारात उभा राहून शांतपणे म्हणायचा, "खेळ चाललाय." त्या चेहऱ्याकडे बघून पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती.

खेळ असा. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. तू काय करतोस, असं गोष्ट सांगणारा विचारतो. मी तलवार उपसतो, असं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वार लागला की हुकला ते फासा ठरवतो. अंगात चिलखत असेल तर वार लागणं अवघड. काही पात्रं उघड्या अंगानंच लढतात. त्यांची चपळाई आणि सावध नजर हेच त्यांचं चिलखत, असं धरायचं. गोष्ट सांगायचा मामा. खेळायला तिघं. पहिला भोंगा, म्हणजे इस्पितळाचा अॅम्ब्युलन्स ड्रायव्हर. गाडीचा आवाज बंद केला तरी याचा चालूच असायचा. दुसरी एक्सरेवाली, त्याच इस्पितळातली, हाडं आरपार बघून बघून माणसांवरचा विश्वास उडालेली. तिसरी मामी. तिला नियम कळायचे नाहीत आणि फासे मात्र तिलाच पडायचे.

मामा त्याच इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत ड्रेसर होता, एकवीस वर्षं. फुटलेलं डोकं धुवायचं, जखमेतली काच चिमट्यानं वेचायची, डॉक्टरांना टाक्यांसाठी सुई-दोरा द्यायचा आणि डॉक्टर जेवायला गेले असतील तर गुपचूप स्वतःच टाके घालायचे. जुने टाके काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेशंट बोलत असतानाच त्याचे टाके निघालेले असायचे. घरी मात्र माणूस हेकट. एकदा म्हटलं ते म्हटलं.

हा खेळ त्याला एका पेशंटनं लावला. मांडीचं हाड मोडून सहा आठवडे पाय टांगून पडलेला एक मास्तर होता. रोज ड्रेसिंगच्या वेळी आपण ओरडू नये म्हणून तो मामाला गोष्टीत ओढायचा. जाताना नियमांचं जाडजूड पुस्तक आणि फाशांची पिशवी मामाला देऊन गेला. मामानं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि त्याला जे पटलं नाही ते बदललं. बदललेलं सगळं एका वहीत. वहीवर लिहिलं होतं, 'घरचे नियम'. त्यातला तिसरा नियम भोंग्याच्या डोक्यात बसला होता.

मूळ पुस्तकात नियम मवाळ होता. बेसावध माणसावर हल्ला झाला तर त्याची पहिली पाळी जाते, बास. उघड्या अंगानं लढणाऱ्याची चपळाई तेव्हाही शाबूत. मामाला ते वाचून हसू यायचं. त्यानं वहीत लिहिलं: 'बेसावध माणसाला पाळी नाही. त्यानं हात उचलायचा नाही. चिलखत असेल तर ते कामाला येईल. चिलखत नसेल तर फासा टाकायचाच नाही. वार लागला.'

यातल्या शेवटच्या दोन ओळींनी भोंग्याचं नऊ महिने जपलेलं पात्र मेलं. उघड्या अंगाचा, अनवाणी, अकरा लढायांतून वाचलेला गडी होता तो. एका खानावळीत बसला असताना आचाऱ्यानं मागून येऊन त्याच्या मानेत सळई खुपसली. भोंग्यानं फासा उचलला, तर मामानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"फासा नाही. बेसावध होतास."

"अहो मामा, माणूस काय नुसता खांबासारखा उभा राहतो? अंग आपोआप वळतं."

"नाही वळत," मामा म्हणाला. "ज्याला वार येताना दिसतो ना, त्याच्या हातांवर जखमा असतात. इथे, मनगटाच्या वर. वाचायला हात पुढे करतो तो. ज्याला दिसत नाही त्याचे हात स्वच्छ असतात. पोट फाटलेलं आणि हात कोरे. मी मोजून ठेवलेत तसले. एकानंही काही केलं नव्हतं. त्यांना वेळच मिळत नाही."

भोंगा तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी नवीन पात्र घेऊन हजर झाला, तेही उघड्या अंगाचंच, कारण जिद्द. पण मामाचं म्हणणं त्याला पटून गेलं होतं. एवढ्या जखमा पाहिलेला माणूस चुकेल कसा? आता मामा चुकत होता कुठे, तर त्यानं फक्त लागलेले लोक पाहिले होते. बेसावध असूनही उलटून मारणारे त्याच्या टेबलावर येत नसत.

त्यानंतर एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला सात वर्षांची एक मुलगी आणली. ट्रकचं मागचं चाक. आणली तेव्हाच संपलेली होती. डॉक्टर नवखा, रात्रभर जागलेला. त्यानं बापाला दीड वाक्यात सांगितलं आणि पाठ फिरवली. ते अर्धं वाक्य राहिलं तिथूनच सगळं पेटलं. बाहेर गल्लीच्या गल्ली उभी होती. काचेचं दार आधी फुटलं, मग माणसं आत आली. मुलीच्या काकानं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि डॉक्टरच्या खांद्यावर घातला. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मामानं भिंतीपाशी ऐकला. एका नर्सला केस धरून औषधाच्या कपाटावर आपटलं. ती खाली बसली आणि तिच्यावर बाटल्या पडत राहिल्या.

मामा तेव्हा एका म्हाताऱ्याच्या कपाळावरचे टाके काढत होता. हातात टाके काढायची कात्री, वीतभर, टोकाला सुईसारखी. त्यानं म्हाताऱ्याला भिंतीकडे ढकललं आणि स्वतः त्याच्यापुढे आडवा उभा राहिला, पाठ सगळ्यांकडे. डोक्यात काहीतरी बसलं. स्टूल असावं. रक्त कानामागून शर्टात उतरलं. दुसरा फटका पाठीत बसला. आणि मग मागून एक हात त्याच्या गळ्याभोवती आला आणि त्याला मागे ओढायला लागला.

मामानं काही ठरवलं नाही. विचार म्हणावा असं डोक्यात काही आलंच नाही. त्याचा उजवा हात कमरेपासून मागे गेला आणि कात्री घुसली. आधी कापड, मग कातडी, मग एकदम सैल. एकवीस वर्षं माणसाच्या अंगात हत्यारं घालणाऱ्या हाताला कळतं आपण कुठे पोचलो ते. गळ्यावरचा हात सुटला. मामा वळला.

भोंगा होता. मामाला एक्सरेच्या खोलीत ओढून न्यायला आला होता. एक्सरेवाली त्या खोलीचं जाड दार धरून उभी होती. भोंग्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं आणि तो मामाकडे बघतच नव्हता. तो मामाच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. तिथे काका उभा होता, हातात रक्तानं माखलेला स्टँड. मग भोंगा गुडघ्यांवर आला आणि कुशीवर पडला.

पुढचं मामाला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पोलीस आले. काकाला चौघांनी जमिनीवर दाबलं. भोंग्याला स्ट्रेचरवर घातलं, तर स्ट्रेचर ढकलायला मामाच. आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झाल्यावर परत येऊन त्यानं ट्रेमध्ये पडलेली ती कात्री पाण्यानं खळखळून धुतली आणि उकळत्या भांड्यात टाकली. लपवायचं म्हणून नाही, हे शपथेवर. वापरलेली कात्री भांड्यात टाकायची, एवढंच त्या हाताला येत होतं. ती वीस मिनिटं उकळली. त्यानंतर ती इतर सात कात्र्यांसारखी आठवी कात्री झाली.

पोलिसांनी विचारलं, "ड्रायव्हरला कोणी भोसकलं, पाहिलंत?"

"माझी पाठ होती," मामा म्हणाला.

ते खरं होतं. या एका खऱ्या वाक्यावर त्यानं सव्वीस दिवस काढले. शस्त्र सापडलं नाही. काकानं फेकलं असणार, असं कागदावर आलं. डॉक्टरला मारल्याचा गुन्हा त्याच्यावर होताच, आता खुनाच्या प्रयत्नाचाही लागला. मामा स्वतःला सांगायचा, माणूस काही साधू नाही, डॉक्टरचं हाड त्यानंच मोडलंय ना. असं सांगून झालं की दुसऱ्या मिनिटाला त्याला ती मुलगी आठवायची. पुतणी मेली त्याच दिवशी तो आत गेला, आणि तिच्या चितेलाही त्याला नेलं नव्हतं. मामाला स्वतःची किळस यायची.

भोंग्याचं आतडं दोन ठिकाणी शिवलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिली मागणी काय करावी? ड्रेसिंगला मामाच पाहिजे. त्यांचा हात हलका.

मग रोज सकाळी नऊला मामा त्याच्या खाटेशी. चिकटपट्टी हळूच सोडवायची, चिघळलंय का बघायचं, औषधात भिजवलेली जाळी चिमट्यानं जखमेत भरायची. बेंबीच्या उजवीकडे तीन बोटं. कात्री शिरताना जरा उघडली होती, म्हणून जखमेच्या कडेला दुसरा एक छोटा काप होता. मोठ्या डॉक्टरांना तो चाकू वळवल्याचा वाटला. मामाला तो काप ओळखीचा होता. भोंगा छताकडे बघत दात आवळून बोलत राहायचा.

"तुमचा नियम खरा निघाला, मामा. मी उघड्या अंगानं, बेसावध. फासा नाही. वार लागला."

"बोलू नकोस. पोट हलतं."

"नाही, पण खरं. हात पण कोरे बघा माझे." असं म्हणून तो मनगटं वर करून दाखवायचा.

आणि रोज तो भोसकणाऱ्या माणसाबद्दल सांगायचा. पहिल्या दिवशी नुसतं 'कुणीतरी होता' म्हणाला. तिसऱ्या दिवशी काका होता. पाचव्या दिवशी काकाच्या हातात स्टँडशिवाय आणखी काहीतरी चमकत होतं. आठव्या दिवशी तो पुढे आला, दात-ओठ खात हसला, आणि मग त्यानं भोसकलं. भोंगा खोटं बोलत नव्हता. त्याला ते दिसत होतं. मामा जाळी भरत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती साक्ष भरत चालली होती. दोन्ही जखमा सारख्याच वेगानं बऱ्या होत होत्या म्हणा ना.

सव्विसाव्या दिवशी रविवार होता. भोंगा पोटाला पट्टा बांधून जिना चढून आला, हाशहुश करत खुर्चीत बसला आणि फासे मागितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तुरुंगात ओळख परेडला जायचं होतं. आठ-दहा माणसांच्या रांगेतून काकाला हात लावून दाखवायचं.

"डोळे मिटून दाखवीन," भोंगा म्हणाला.

मामानं वही उघडली, मिटली. मग त्याच्या तोंडून ते निघालंच.

"तो नाही. मी भोसकलं तुला."

एक्सरेवालीनं कप खाली ठेवला. मामी दारात थांबली.

"माझ्या हातात टाक्यांची कात्री होती. तू मागून गळा धरलास. मला वाटलं त्यांच्यातलाच कोणी. मीच मारलं. मग पोलिसांना बोललो नाही."

भोंगा त्याच्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. हसताना पोट दुखलं म्हणून वाकला आणि वाकून पण हसत राहिला.

"मामा, डोक्याला लागलंय तुमच्या. अहो, मी पाहिलाय त्याला. आणि तुम्ही? तुम्हाला पाठीमागून धरलेलं. तुमचाच नियम आहे ना? बेसावधाला पाळी नाही. हात उचलायचा नाही."

"तो नियम—"

"तुम्हीच म्हणालात, मोजून ठेवलेत. एकानंही काही केलं नव्हतं. मग तुम्ही काय आभाळातून पडलात?"

"उगाच जिवाला लावून घेता, मामा," एक्सरेवाली म्हणाली. "मी दारातच होते. मला नाही काही दिसलं. एवढ्या गोंधळात कोण काय बघणार?"

"अहो, रोज त्याची जखम धुऊन धुऊन मनात बसलंय तुमच्या," मामी म्हणाली. पण ती मामाच्या हातांकडे बघत होती.

आता खरं सांगायचं तर मामाला त्या क्षणी बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यानं सांगून टाकलं होतं. तिघांसमोर, स्वच्छ शब्दांत. आता समोरच्याला पटत नाही याला तो काय करणार? छातीवरचा धोंडा उतरला, महिन्याभरात पहिल्यांदा त्याला भूक लागली. त्यानं पेन्सिल कानामागून काढली, नकाशाचा कागद पसरला आणि गोष्ट सुरू केली.

आणि खेळ काय रंगला त्या दिवशी. डोंगरातल्या किल्ल्याचा दरवाजा फोडला, मामीच्या तिरंदाजानं बुरुजावरचे तिघे उडवले, एक्सरेवालीच्या ढालीचे दोन तुकडे झाले आणि तिनं उरलेल्या तुकड्यानं किल्लेदाराचा जबडा मोडला. मामा उभा राहून, हातवारे करत, एकेका घावाचं वर्णन करत होता. हाड कसं चिरतं, रक्त आधी काळं का दिसतं, माणूस पडायच्या आधी कसा क्षणभर विचारात पडल्यासारखा दिसतो. तासभर कुणाला कशाचं भान नव्हतं. भोंगा मध्येच पाणी प्यायला आत गेला. मामा टेबलावर वाकून किल्ल्याचं भुयार काढत होता.

भोंगा अनवाणी मामाच्या मागे आला. त्याचा हेतू चांगला होता, हे लिहून ठेवायला हवं. मामाच्या डोक्यातलं खूळ एकदाचं काढावं, बघा, नुसते खांबासारखे उभे राहिलात, असं म्हणून हसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं मागून मामाच्या गळ्याभोवती हात टाकला आणि खसकन ओढलं.

मामाचा उजवा हात कमरेपासून मागे गेला.

पेन्सिल मोडल्याचा आवाज आला. मामा वळला तेव्हा अर्धी त्याच्या मुठीत होती. उरलेली अर्धी भोंग्याच्या शर्टात, पट्ट्याच्या अगदी वर, कापडात अडकून उभी होती. बेंबीच्या उजवीकडे. तीन बोटं. भोंग्यानं मान खाली घालून तिच्याकडे पाहिलं. शर्टावर लाल ठिपका आला आणि रुपयाएवढा झाला.

मामीनं खुर्चीची पाठ धरली.

"बस," मामा म्हणाला. "बस खाली, बघू दे मला."

"हात लावू नका."

भोंग्यानं स्वतःच पेन्सिल काढली. टोक निघालं नाही, ते आत राहिलं. जखम खोल नव्हती, बोटभरही नाही. पण तो ती पेन्सिल हातात धरून एवढा वेळ उभा राहिला की एक्सरेवाली उठून त्याच्याजवळ गेली. त्यानं तिलाही बाजूला केलं. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे, पुढचं ऐकायला मामाला पुढे वाकावं लागलं.

"मी त्याला ओळखलं असतं, मामा. उद्या. आईशप्पथ ओळखलं असतं. खांद्यावर हात ठेवून, हाच, म्हणालो असतो."

"माहितीय."

"मला दिसत होता तो. अजून दिसतोय."

यावर मामाला एकवीस वर्षांत काही शिकवलेलं नव्हतं. त्यानं हात धुतले नाहीत, शर्ट बदलला नाही. मामीनं आतून एक स्वच्छ पंचा आणून भोंग्याच्या हातात दिला आणि तो त्यानं पोटाशी धरला. मग मामीनं नवऱ्याच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. कुठे जाताय हे तिनं विचारलं नाही. पोलीस चौकी दोन गल्ल्या सोडून होती.

"मी येते बरोबर," एक्सरेवाली म्हणाली.

"तू इथे थांब मामींजवळ," भोंगा म्हणाला. "आम्ही दोघं जातो."

मामा पुढे झाला. जिना अरुंद होता, एका वेळी एकच माणूस उतरेल एवढा. तो दोन पायऱ्या उतरला आणि त्याला मागे पावलं ऐकू आली नाहीत. त्यानं वळून पाहिलं. भोंगा वरच्या पायरीवर, पोटाशी पंचा धरून, भिंतीला टेकून उभा होता.

"बाजूला सरा," भोंगा म्हणाला. "मी पुढे होतो. तुमच्या मागून यायची माझी छाती होत नाही आता."

मामा भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्यानं त्याला पुढे जाऊ दिलं.